रसायनशास्त्राच्या दाराशी अडलेले गणित

दहावीचा निकाल लागला की खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर अशा गावांतील कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञानशाखेच्या प्रवेशाची धांदल सुरू होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांची, शिक्षकांची, कारकुनांची मुले या वेळी एक महत्त्वाची निवड करतात: गणित घ्यावयाचे की जीवशास्त्र. दोन्ही विषय एकत्र घेण्याची सोय आहे. पण ज्याला वैद्यकीय, औषधनिर्माण किंवा कृषी शिक्षणाकडे जावयाचे आहे, असा विद्यार्थी पुष्कळदा गणिताला कायमचा रामराम ठोकतो. नियमांना ते मान्य आहे आणि घरच्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. रसायनशास्त्र मात्र दोन्ही वाटांवर उभे असते. पहिल्या चाचणीचे गुण हाती पडले की ‘रसायनशास्त्र फार अवघड’ असा निष्कर्ष निघतो आणि काही मुले तर विज्ञान आपल्याला झेपणारे नाही, असे मनाशी ठरवूनही टाकतात.

वस्तुतः पुष्कळ ठिकाणी अडते ते रसायनशास्त्र नव्हे. अडते ते त्याच्या तळाशी असलेले गणित. आणि हे गणित फार मोठे नाही, हीच या प्रश्नातील दुर्दैवाची आणि त्याचबरोबर आशेची बाब आहे.

पहिली पायरी त्रैराशिकाची. मोल ही कल्पना अकरावीच्या विद्यार्थ्याला गूढ वाटते, कारण ती नव्या नावाने समोर येते. पण तिच्या पोटात गुणोत्तर व प्रमाण याखेरीज दुसरे काही नाही. युरियाचा रेणुभार ६०. त्यात नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे २८ भाग. अठ्ठावीसला साठने भागले की शेकडा ४६.७ हे प्रमाण निघते. युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के नायट्रोजन असे छापलेले असते, ते याच हिशेबाला धरून. पंचेचाळीस किलोच्या पोत्यात मग सुमारे २०.७ किलो नायट्रोजन. कपाशीला आणि सोयाबीनला खत घालणाऱ्या घरातील मुलाला हा हिशेब परका वाटण्याचे कारण नाही. परका वाटतो, कारण शाळेतील गणित, घरचे पोते आणि प्रयोगशाळेतील सूत्र यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते.

एककांचेही तसेच. जिल्ह्याचा उत्तर भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तेथे ती २००० पर्यंत सैल केली जाते. म्हणजे दहा लिटरच्या बादलीत एके ठिकाणी पाच ग्रॅम आणि दुसरीकडे वीस ग्रॅम क्षार. पाणीतपासणीचा अहवाल हाती आल्यावर मिलिग्रॅमचे ग्रॅम करता न येणारा विज्ञानाचा पदवीधर गावाच्या काय उपयोगाचा?

दुसरी पायरी घातांक आणि लॉगॅरिदम यांची. खरी ठेच येथेच लागते. याचे उदाहरण शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. उल्कापाताने काळ्या पाषाणात कोरले गेलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आणि त्यातील खारे, अल्कधर्मी पाणी जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. या पाण्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे. शुद्ध पाण्याचा सामू सात. दहा आणि सात यांत अंतर तीनचे. पण हे तीन म्हणजे तिप्पट नव्हे, हजारपट होय. सामूचे माप डॅनिश रसायनज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली सुचविले, ते हायड्रोजन आयनांच्या अतिसूक्ष्म संहती सुटसुटीत आकड्यांत मांडता याव्यात म्हणून. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो नेपियरने १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या लॉगॅरिदमच्या कल्पनेचा. सामूतील प्रत्येक एक अंक म्हणजे दहाची एक पट, हे ज्याच्या अंगी मुरलेले नाही त्याला लोणारचे पाणी किती वेगळे आहे हे आकडा पाठ असूनही कळत नाही.

या सरोवरात गोड्या पाण्याचे झरेही उतरतात. समजा, झऱ्याजवळच्या नमुन्याचा सामू आठ आणि मधल्या पाण्याचा दहा निघाला. दोन्ही नमुन्यांतील हायड्रोजन आयनांच्या संहतींची सरासरी काढून तिचा सामू विचारला, तर वर्गातील बहुतेक हात नऊसाठी वर जातील. उत्तर येते ८.३. तसेच एखाद्या तीव्र आम्लाच्या विरल द्रावणाची संहती दुप्पट केली तर सामू निम्मा होत नाही. तो केवळ ०.३ ने उतरतो, कारण दोनचा लॉग ०.३०१० आहे. ही उत्तरे पाठांतराने येत नाहीत. ती येण्यासाठी आठ दिवसांची नीट शिकवणी पुरते.

मग ती मिळत का नाही? बालभारतीची २०१७ व २०१८ साली आलेली नववी-दहावीची गणिताची पुस्तके पाहिली तर त्यांत गुणोत्तर व प्रमाण आहे, समीकरणे आहेत, संख्याशास्त्र आहे, लॉगॅरिदम नाही. तो २०१९ च्या अकरावीच्या गणितात फलनांच्या प्रकरणात भेटतो. म्हणजे ज्याने गणित सोडले त्याला तो गणिताच्या तासाला कधीच भेटत नाही. रसायनशास्त्राचे शिक्षक तो येतो असे गृहीत धरतात, कारण त्यांना अभ्यासक्रम संपवावयाचा असतो. दोन विषयांच्या बांधावरची ही पडीक जमीन कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. त्यातच मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला याच वेळी इंग्रजीतून विज्ञान शिकावे लागते. गुणोत्तर ज्याला उत्तम समजते, तोही ‘रेशो’ या शब्दापाशी क्षणभर थबकतो.

तिसरी पायरी सूत्र फिरविण्याची आणि चौथी सरळ रेषेच्या आलेखाची. अभिक्रियेच्या वेगाच्या प्रकरणात २.३०३ हा आकडा वारंवार येतो. विद्यार्थी त्याला निसर्गाचा एखादा गूढ स्थिरांक समजून घोकतात. तो केवळ एका पायाचा लॉग दुसऱ्या पायात बदलण्याचा गुणक आहे, एवढे एक वाक्य सांगितले तर घोकंपट्टीचे ओझे उतरते. अर्धायुकालाच्या सूत्रातील ०.६९३ म्हणजे दोनचा नैसर्गिक लॉग, हेही तसेच. आर्‍हेनियसने १८८९ साली तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचा जो संबंध मांडला, तो आलेखावर सरळ रेषा म्हणून उतरतो आणि त्या रेषेच्या चढावरून क्रियाशीलतेची ऊर्जा मिळते. ‘चढ’ म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्याचे निम्मे काम तेथेच झालेले असते.

यावर दोन आक्षेप संभवतात. रसायनशास्त्र म्हणजे काही आकडेमोड नव्हे, असा एक. तो अंशतः खरा आहे. मूलद्रव्यांचे गुणधर्म आणि कार्बनी संयुगांच्या अभिक्रिया यांना वेगळीच बुद्धी लागते. परंतु बारावीच्या २०२० साली आलेल्या पुस्तकात सोळा प्रकरणे आहेत आणि पहिल्या सहांत हिशेबाचाच भरणा आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी १८० गुण रसायनशास्त्राचे असतात. राज्य मंडळाच्या परीक्षेत लॉगची सारणी वापरण्याची मुभा आहे. ‘नीट’मध्ये सारणीही नाही आणि गणकयंत्रही नाही. ज्यांना मोठ्या शहरांतील शिकवणी वर्गांचे शुल्क परवडते, त्यांना या युक्त्या तेथे मिळतात. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातील मुलाला त्या वर्गात मिळाल्या नाहीत तर कोठेच मिळत नाहीत. प्रश्न गुणांचा आहे, तितकाच न्यायाचाही आहे.

दुसरा आक्षेप असा की, मग विज्ञानशाखेत सर्वांनाच गणित सक्तीचे का करू नये? हा उपाय रोगापेक्षा भारी ठरेल. रसायनशास्त्राचे बारावीपर्यंतचे हिशेब सुटण्यासाठी संमिश्र संख्या किंवा शांकव लागत नाहीत. कलनाचीही फारशी गरज पडत नाही. लागते ते गुणोत्तर, घातांक व लॉग, सूत्राची मांडणी आणि सरळ रेषेचा आलेख. एवढ्यासाठी दोन वर्षांची सक्ती कशाला?

हवेत ते सत्राच्या आरंभीचे पंधरा तास. प्रवेश झाल्यावर गुणांची नोंद न होणारी एक लहानशी चाचणी घ्यावी. कोण कोठे अडखळतो ते त्यातून कळेल. पुढे गणित आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून हे तास वाटून घ्यावेत. असे सहकार्य या शास्त्राला नवे नाही. अभिक्रियेचा वेग आणि पदार्थांची संहती यांचा नियम १८६४ साली नॉर्वेत ज्या दोघांनी मांडला, त्यांपैकी गुल्डबर्ग गणिती होते आणि वागे रसायनज्ञ. लॉगसाठी प्रथम सारणीही लागू नये. दोनचा लॉग ०.३०१, तीनचा ०.४७७ आणि सातचा ०.८४५ एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की चार, पाच, सहा, आठ, नऊ यांचे लॉग विद्यार्थ्याला स्वतः काढता येतात. ते त्याने स्वतः काढावेत, मराठीत समजून घ्यावेत आणि मग इंग्रजी संज्ञांशी त्यांची सांगड घालावी.

यासाठी शासनाच्या परिपत्रकाची, अनुदानाची किंवा नव्या पदांची वाट पाहण्याचे कारण नाही. वेळापत्रकातील तीन आठवडे आणि दोन शिक्षकांचा परस्परविश्वास एवढेच भांडवल पुरे आहे. ज्या जिल्ह्याच्या भूमीवर सामू शिकविण्यासाठी निसर्गाने एवढे विशाल पात्र भरून ठेवले आहे, तेथील मुलाने सामूच्याच उदाहरणापाशी हार मानून विज्ञान सोडावे, ही नामुष्की त्या मुलाची नव्हे; ती शिकविणाऱ्या व्यवस्थेची आहे.