नव्वद अश्वशक्तीचं पुष्पक

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचं गाव आहे. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं पहिलं विमान ज्यांच्या हाताखाली तयार झालं, ते डॉ. विष्णू माधव घाटगे याच गावचे, असं सांगितलं तर आपल्या जिल्ह्यातलीच माणसं ‘काय सांगतोस काय!’ म्हणतील. घाटग्यांचा जन्म १९०८ चा. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांट्ल म्हणजे वायुगतिशास्त्रातले भीष्माचार्य. मायदेशी परतल्यावर घाटगे बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत स्थिरावले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ आकाशात गेलं.

एचटी-२ लढाऊ नव्हतं, प्रवासीही नव्हतं. पुढे-मागे दोघांनी बसायचं, साधं शिकाऊ विमान होतं ते. नव्या देशाला आधी वैमानिक लागणार, मग बाकीचं, हा त्यामागचा सरळ हिशेब. पुढे १९५८ मध्ये घाटग्यांच्याच विभागातून पुष्पक आलं. त्यात आणखी काटकसर होती: पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, डोक्यावर पंख, शेजारी-शेजारी दोन जागा आणि अवघ्या नव्वद अश्वशक्तीचं इंजिन. अशी दीडशेच्या आसपास विमानं बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटली गेली. एका संपूर्ण पिढीने विमानाची दांडी पहिल्यांदा हातात धरली ती पुष्पकची. नाव रावणाच्या विमानाचं आणि ताकद एखाद्या मोटारीएवढी, ही गंमत नाव ठेवणाऱ्यांच्याही लक्षात आली असेलच.

छोटं विमान म्हणजे मोठ्याची स्वस्त आवृत्ती, असा आपला समज असतो. तो साफ चुकीचा आहे. त्यातली काटकसर ठरवून केलेली असते. सेसना १५२ घ्या. याचं उत्पादन १९८५ मध्येच थांबलं, तरी आपल्याकडच्या क्लबांत ते अजून राबतंय. त्याचं इंजिन ३.८ लिटरचं आणि ताकद जेमतेम ११० अश्वशक्ती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मेस्त्री हे आकडे ऐकून हसेल, कारण एवढ्या मोठ्या पोटातून आजची मोटार दुपटीहून जास्त ताकद काढते. पण इथे पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला आहे. तो फार जोरात फिरवला तर पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जातात, आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. म्हणून इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपासच ठेवायचं. सावकाश फिरणारं इंजिन झिजतंही सावकाश. ओव्हरहॉलची वेळ येते ती दोन हजारांहून अधिक तासांनी, आणि तेसुद्धा बहुतेक वेळ पाऊण ताकदीवर चालून.

उड्डाणाआधीची तपासणी बघण्यासारखी असते. शिकाऊ पोरगं पंखाखाली वाकतं, पारदर्शक पेल्यात टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काढतं आणि उजेडात धरतं. रंग निळसर हवा आणि तळाशी पाण्याचा थेंब नको. पुढे बाहेर आलेल्या पिटो नळीत गांधीलमाशीने मातीचं घर केलं नाही ना, तेही पाहायचं, कारण वेगाचा काटा त्याच नळीवर चालतो. मग इंजिन १७०० फेऱ्यांवर ठेवून किल्ली फिरवायची. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक बंद केला की काटा किंचित उतरतो. १२५ फेऱ्यांहून जास्त उतरला, किंवा दोन्हींच्या उतारात पन्नासहून जास्त फरक आला, तर विमान परत हँगरला. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवतो. हवेत बॅटरी मेली तरी इंजिन चालूच राहतं.

घाटग्यांचे गुरू प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिलं होतं, की पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहत असतो आणि तोच सुटला की सगळा खेळ बदलतो. शिकाऊ विमानात हे सिद्धान्त म्हणून शिकवत नाहीत, हाताला जाणवून देतात. इन्स्ट्रक्टर पुरेशा उंचीवर जाऊन इंजिन मंद करायला सांगतो. नाक वर, वेग कमी, आणखी कमी. दांडी ढिली पडते, पंखातून थरथर येते, भोंगा वाजायला लागतो आणि नाक आपसूक खाली झुकतं. हाच स्टॉल. दांडी पुढे केली, वेग आला, की पंख पुन्हा उचलायला लागतो. चांगलं शिकाऊ विमान आधी इशारा देतं आणि मग माफही करतं. पण सगळंच माफ करणाऱ्या विमानावर कुणी काही शिकत नाही. आराखडा करणाऱ्याची खरी कसोटी या दोन गोष्टींच्या मधोमध असते.

आता उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळाचा विचार करू. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ३८ वर गेला, की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर असल्यासारखंच वाटतं. इंजिनाला कमी हवा, पंखालाही कमी. मोठ्या विमानातल्या प्रवाशाला याचा पत्ता लागत नाही. दोन माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन निघालेल्या छोट्या विमानाला मात्र धावपट्टी संपेपर्यंत घाम फुटतो. म्हणून या विमानांची शाळा भल्या सकाळी भरते.

एकदा वर गेल्यावर जे मिळतं, ते जेटच्या खिडकीतून मिळत नाही. तीन हजार फुटांवरून ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरने जाताना पंचगंगेचं वळण, रंकाळा, पन्हाळ्याचे कडे एकेक करून समोर येतात आणि नीट न्याहाळता येतात. गुऱ्हाळाचा धूर कुठे कलतोय ते पाहून वारा कळतो. नजर सतत शेतांवर असते, कारण इंजिन बंद पडलं तर उतरायचं कुठे, हे आधीच ठरवून ठेवायचं असतं. उभ्या उसात नाही. तोडणी झालेलं लांबट रान बघायचं. एक फूट खाली येताना हे विमान नऊ फूट पुढे जातं, म्हणजे तीन हजार फुटांवरून आठेक किलोमीटर हाताशी असतात. शिवाय फ्लॅप सोडून ते ताशी ऐंशीच्या आसपास टेकू शकतं. मोठं जेट अडीचशेच्या आसपास टेकतं. वेग तिप्पट झाला की प्रत्येक किलोमागे जिरवायची ऊर्जा नऊपट होते. जुलै २०२२ मध्ये इंदापूरजवळ कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान कोसळलं आणि त्यातली तरुण वैमानिक वाचली. अशा वेळी कमी वजन आणि कमी वेगच माणसाच्या बाजूने असतात. तरी देखभालीत कसूर झाली तर हेच विमान जीव घेतं, हेही तेवढंच खरं. बारामतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोन शिकाऊ विमानं पडली होती.

खर्चाचं गणित आता बदलतंय. सेसना तासाला वीस-पंचवीस लिटर अॅव्हगॅस पिते. हे इंधन २०२२ पर्यंत आपण बाहेरूनच आणत होतो. बऱ्याच नव्या विमानांत ऑस्ट्रियाचं रोटॅक्स इंजिन असतं. ते फक्त १.३५ लिटरचं, पण शंभर अश्वशक्तीचं. फेऱ्या साडेपाच हजारांवर जातात आणि मधला गिअर त्या पंख्यापर्यंत पोहोचताना निम्म्याहून कमी करतो. इंधन लागतं तासाला सतरा-अठरा लिटर आणि मोटारीचं पेट्रोलही चालतं. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचं हंसा-एनजी २०२१ मध्ये उडालं, त्याचं इंजिनही याच घराण्यातलं. पुष्पकच्या देशात शिकाऊ विमान पुन्हा आपलं असावं, हे व्हायला फार उशीर झाला, असं माझं मत आहे.

मात्र आपल्याकडे हे विमान म्हणजे एअरलाइनच्या नोकरीवरचा दोनशे तासांचा टोलनाका झालं आहे. व्यावसायिक परवान्याला तेवढे तास लागतात, ते भरले की छोट्या विमानाकडे कुणी वळून पाहत नाही. खासगी परवान्याला चाळीस तास पुरतात, वय सतरा असलं तरी चालतं. पण हौस म्हणून उडणारा डॉक्टर किंवा कारखानदार औषधालाही सापडत नाही. कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेली कराडची धावपट्टी आणि बेळगावचा सांबरा विमानतळ आपल्याला किती जवळ आहेत! कराड तर हवेतून जेमतेम अर्ध्या तासावर. पैसेवाल्या आणि यंत्रवेड्या कोल्हापुरात हौशी वैमानिकांचा गट नसावा, हे काही पटत नाही.

आणि ज्यांच्या घरात बारावीचं पोरगं किंवा पोरगी पायलट व्हायचं म्हणतेय, त्यांनी जमीन किंवा घर गहाण टाकण्याआधी एवढं करावं. विमानवाहतूक महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे आधी द्वितीय आणि मग प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मग अकादमीत स्वतः जाऊन हँगरमध्ये उडण्याजोगी विमानं किती, शिकणारे किती आणि प्रत्येकाला महिन्याला खरोखर किती तास मिळतात, हे ऑफिसात नाही, तिथल्या मुलांना विचारावं. आणि मुलाला एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर तासभर वर पाठवावं. पहिला हप्ता त्यानंतर भरा.