चिंताविकारांची पारख

लेखांक चौथा

मागील लेखांकात आपण असे पाहिले की, भीती ही निसर्गाने प्राणिमात्राच्या रक्षणासाठी करून ठेवलेली तजवीज आहे. संकट समोर उभे राहताच हृदय धडधडू लागते, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात आणि देह पळण्यास अथवा झुंजण्यास सिद्ध होतो. हीच तजवीज जेव्हा संकटावाचून अमलात येते, किंवा संकट टळून गेल्यावरही मागे हटत नाही, आणि तिच्यापायी माणसाचा उद्योग, प्रपंच व निद्रा यांची दीर्घकाळ हानी होऊ लागते, तेव्हा तिची गणना चिंताविकारांत करावी लागते. परंतु चिंताविकारांचे कुल मोठे आहे. आणि समोरच्या रुग्णाला त्यांपैकी नेमका कोणता विकार जडला आहे याची पारख झाल्याखेरीज उपचाराची दिशाच ठरत नाही, हे या लेखांकात सांगावयाचे आहे.

ही पारख शास्त्रालाही फार उशिरा साधली. व्हिएन्ना येथील सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये चिंतेच्या विकाराला मज्जादौर्बल्यापासून वेगळे काढले खरे. पण मनाला सदोदित पोखरणारी काळजी आणि अकस्मात येणारा भीतीचा झटका ही दोन्ही त्यांनी एकाच सदराखाली नोंदवली, आणि पुढे अनेक दशके ती तशीच एकत्र नांदली. त्यांना विलग करण्याचे श्रेय मुख्यत्वे न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयातील डॉ. डोनाल्ड क्लाइन यांना जाते. १९६० च्या सुमारास त्यांनी इमिप्रामीन हे त्या वेळी नवे असलेले औषध काही अतिशय भयग्रस्त रुग्णांना देऊन पाहिले. काही आठवडे लोटले तरी गुण आल्याचे रुग्ण कबूल करीनात. पण कक्षातील परिचारिकांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नव्हती. आपण आता मरणार, असे म्हणत दिवसातून अनेकदा त्यांच्याकडे धावत येणारा रुग्ण धावत येईनासा झाला होता. झटके थांबले होते, आणि झटका येईल की काय ही धास्ती मात्र जशीच्या तशी होती. एकाच औषधाने एक गोष्ट जावी आणि दुसरी राहावी, यावरून ती दोन निराळी दुखणी असली पाहिजेत हे क्लाइन यांनी ताडले. आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या दोहोंना स्वतंत्र स्थान मिळाले.

ज्याला हल्ली सर्रास पॅनिक अटॅक म्हणतात, तो झटका काही मिनिटांतच शिगेला पोहोचतो : छातीत धडधड, दरदरून घाम, हातापायांना मुंग्या, गळा आवळल्याचा भास, आणि आता प्राण तरी जाणार किंवा वेड तरी लागणार अशी खात्री. घरची मंडळी अपरात्री धावाधाव करून रुग्णालय गाठतात, ईसीजी निर्दोष निघतो, आणि ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असा निकाल देऊन रुग्णाची बोळवण होते. हृदयापुरता तो निकाल खरा असतो. परंतु रुग्णाला काहीच झालेले नाही हे खरे नसते. पुढचा झटका केव्हा येईल या धास्तीत महिना वा अधिक काळ जाऊ लागला, की विकार जडला असे समजावे. मग ज्या एस.टी.त झटका आला ती टाळली जाते, त्यानंतर बाजारातील गर्दी, आणि अखेरीस एकट्याने उंबरठा ओलांडणेही. बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ च्या सुमारास, मोकळा चौक ओलांडण्याचे ज्यांना धैर्य होत नाही, पण कोणी सोबतीला असले की ज्यांना तोच रस्ता सोपा वाटतो, अशा रुग्णांचे वर्णन करून त्यांच्या दुखण्याला अगोराफोबिया हे नाव दिले, ते हेच.

सार्वत्रिक चिंताविकाराची चाल याहून अगदी निराळी. मुलांचे शिक्षण, पैशाची ओढाताण, कोणाचे आजारपण, परगावी गेलेल्याचा न आलेला फोन, अशा एका विषयावरून दुसऱ्यावर मन सरकत राहते, आणि सहा महिने वा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस याच रीतीने जातात. मान-पाठ आखडते, झोप चाळवते, कामात चित्त लागत नाही. अशा माणसाला घरात ‘काळजीखोर’ म्हटले जाते; आणि स्वभावाला औषध नाही या समजुतीपायी, उपचारांना दाद देणारे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

भयगंडात भीतीचा विषय ठरलेला असतो : उंची, कुत्रा, बंद लिफ्ट, आणि तो सामाजिक असेल तर लोकांची नजर, जिच्यामुळे चारचौघांत घास घेताना किंवा साहेबांसमोर सही करताना हात कापू लागतो. यांतील रक्ताचे व इंजेक्शनचे भय विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण इतर भयांत रक्तदाब चढतो, तर येथे तो क्षणभर चढून एकदम उतरतो व रुग्ण भोवळ येऊन पडतो. सबब अंग सैल सोडण्याचा, एरवी हिताचा असलेला सल्ला येथे उलटतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी अशा रुग्णांना हातापायांचे व धडाचे स्नायू आवळून रक्तदाब सावरण्याची रीत शिकवली. पारख का हवी, याचा याहून रोकडा दाखला कोणता?

प्रकार इतके भिन्न असले, तरी त्या बहुतेकांना पोसते ती टाळाटाळ. भयाचे स्थान टाळले की तत्काळ सुटका वाटते, आणि टाळले म्हणूनच वाचलो असा मनाचा ग्रह दृढ होऊन पुढची भीती दुणावते. म्हणून भयाला पायरीपायरीने सामोरे जाण्याची शिस्त मानसोपचारात मध्यवर्ती ठरली आहे. जोडीला औषधेही उपयोगी पडतात. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, कारण चिंता तात्पुरती शमवणाऱ्या काही गोळ्यांची सवय जडते. थायरॉइडच्या दोषानेही अशीच धडधड होत असल्यामुळे त्याची खातरजमा आधी करून घ्यावी. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

भयाला सामोरे जाण्याच्या त्या पायऱ्या कशा आखाव्यात, हा पुढील लेखांकाचा विषय. तोवर आपल्या घरात अशी तक्रार कोणाची असेल, तर ‘मन घट्ट कर’ हा उपदेश बाजूला ठेवून, भीती कशाची वाटते, केव्हा वाटते आणि तिच्यापायी काय काय सोडून दिले आहे, हे तीन प्रश्न त्या व्यक्तीला आस्थेने विचारावेत, आणि त्यांची उत्तरे मानसोपचारतज्ज्ञापुढे मांडावीत. निदानाचे बरेचसे काम तेवढ्याने सुकर होते.