पाच सेकंदांची शांतता: अ‍ॅनी बेकरच्या नाटकाची वाट का बघायची?

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागात मी सहज म्हणून गेलो की अमेरिकन नाटककार अ‍ॅनी बेकर हिचं पुढचं नाटक कधी येतंय याची मी वाट बघतोय. त्यावर एका श्रोत्याची मेल आली. थोडक्यात प्रश्न असा: "तिच्या नाटकात तीन तास लोक झाडू मारतात असं वाचलं. पैसे देऊन कंटाळा विकत का घ्यायचा? आणि वर त्याची वाट कसली बघायची?"

प्रश्न रास्त आहे. मलाही सुरुवातीला हाच पडला होता. म्हणून आजचा अख्खा भाग त्याच्यावर.

आधी थोडी ओळख

अ‍ॅनी बेकरचा जन्म १९८१चा. ती मॅसेच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्ट नावाच्या छोट्या गावात वाढली. न्यूयॉर्कमध्ये ऑफ-ब्रॉडवे म्हणतात त्या लहान थिएटरांमधून तिची नाटकं आली. 'सर्कल मिरर ट्रान्सफॉर्मेशन' २००९ मध्ये, 'द एलियन्स' २०१० मध्ये, 'द फ्लिक' २०१३ मध्ये, 'जॉन' २०१५ मध्ये, 'द अँटिपोड्स' २०१७ मध्ये. 'द फ्लिक'ला २०१४ चं पुलित्झर मिळालं.

तिची माणसं साधी असतात. गावातल्या नाट्यवर्गाला येणारे पाचजण, कॉफी शॉपच्या मागच्या अंगणात बसून राहणारे दोन मित्र, थिएटरात झाडलोट करणारी पोरं. ती बोलतात अडखळत, वाक्यं अर्धी सोडतात, आणि बराच वेळ काहीच बोलत नाहीत.

शांतता लिहिलेली असते

इथे एक गैरसमज दूर करू. तिच्या नाटकातला संथपणा दिग्दर्शकाने नंतर घातलेला नसतो, नटांनी ताणलेलाही नसतो. तो संहितेत असतो. 'द एलियन्स'च्या सुरुवातीच्या सूचनेत ती सांगते की या नाटकाचा किमान एक तृतीयांश भाग शांतता आहे. पुढे मोजमापही देते: 'पॉज' लिहिलं असेल तर किमान तीन सेकंद, 'सायलेन्स' लिहिलं असेल तर पाच ते दहा सेकंद, आणि 'लाँग' लिहिलं असेल तर त्याहून जास्त.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. हे वाचलं तेव्हा मला ते चक्क स्पेसिफिकेशन वाटलं. आमच्या कामात उशीर म्हणजे बग. स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र दोन सेकंद दिसलं तरी तिकीट उघडलं जातं. आणि इथे एक लेखिका उशीर किती हवा ते सेकंदांत लिहून देते.

आता एक प्रयोग करू. मी पाच सेकंद गप्प बसतो.

[पाच सेकंद शांतता]

ऐकलंत? जे नुसतं वाचतायत त्यांना कंसातली एक ओळ दिसली, म्हणजे काहीच कळलं नाही. जे ऐकत होते त्यातल्या अर्ध्यांनी फोन बघितला असणार, नेट गेलं का म्हणून. गंमत म्हणजे मी ज्या अ‍ॅपमध्ये हा भाग एडिट करतो त्यात लांब शांतता आपोआप कापण्याची सोय आहे. ही पाच सेकंदं वाचवायला मला ती बंद करावी लागली. इतकी आपल्याला शांततेची सवय नाहीये.

झाडू मारून होतं काय?

'द फ्लिक'मध्ये मॅसेच्युसेट्समधलं एक जुनं, एकाच पडद्याचं सिनेमा थिएटर आहे. त्या भागात ३५ एमएमच्या रिळांवर सिनेमा दाखवणारी थिएटरं आता जवळजवळ उरलेली नाहीत, त्यातलं हे एक. नेपथ्य असं की आपण, म्हणजे प्रेक्षक, पडद्याच्या जागी बसलेलो असतो आणि समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. सिनेमा संपतो, दिवे लागतात, सॅम आणि नव्याने लागलेला एव्हरी झाडू घेऊन येतात आणि सांडलेले पॉपकॉर्न गोळा करतात. एक रांग, मग दुसरी रांग. वर प्रोजेक्टरच्या खोलीत रोझ. मधूनमधून सिनेमाच्या गप्पा, एकमेकांना कोडी घालणं, कोणाला कोण आवडतं याची चाचपणी.

पहिला अर्धा तास वाटतं, पुढे काय? तासाभराने एक वेगळीच गोष्ट होते. सॅम कसा चालतो, एव्हरी कुठे थबकतो, रोझ बोलताना कधी नजर टाळते हे आपल्याला पाठ होतं. एखाद्या ऑफिसात सहा महिने शेजारी बसल्यावर माणूस जसा कळतो, तसं.

आणि मग घोळ होतो. (ज्यांना कथा कळायला नकोय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

सॅम आणि रोझ तिकिटांच्या पैशात थोडी हेराफेरी करत असतात आणि एव्हरीलाही त्यात ओढतात. पगार कमी, रक्कम किरकोळ, 'जेवणाचे पैसे' असं त्याला नावही दिलेलं. थिएटर विकलं जातं, नव्या मालकाला हे कळतं, आणि ठपका येतो एव्हरीवर. तो दोघांकडे बघतो. आपण तिघांनी मिळून कबूल करू, असं त्याचं म्हणणं. दोघांचा पाय मागे येतो.

हाच प्रसंग दीड तासाच्या चटपटीत नाटकात आला असता तर आपण 'अरेरे' म्हणून पुढे गेलो असतो. इथे मात्र आपण या तिघांबरोबर अडीच तास झाडू मारलेला असतो. त्यामुळे ती शांतता अंगावर येते. तिथे कोणी काही बोलत नाही, आणि प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते आपल्याला नक्की माहीत असतं. संथपणा कशासाठी होता ते त्या क्षणी कळतं.

उठून गेलेले लोक

२०१३ मध्ये प्लेराइट्स होरायझन्स या थिएटरात, सॅम गोल्डच्या दिग्दर्शनात हे पहिल्यांदा आलं तेव्हा बरेच प्रेक्षक मध्यंतरात उठून गेले. तक्रारी आल्या. शेवटी थिएटरचे कलात्मक संचालक टिम सॅनफर्ड यांनी सभासदांना पत्र लिहिलं. लोकांची नाराजी त्यांनी मान्य केली, पण नाटकाची बाजू सोडली नाही.

इथे तिथली सभासद पद्धत समजून घ्यायला हवी. अनेक थिएटरं पूर्ण हंगामाची तिकिटं एकदम विकतात. तुम्ही चार-सहा नाटकांचे पैसे आधी भरता आणि मग जे येईल ते बघता. थिएटरला पैसे आधी मिळतात म्हणून नव्या लेखकावर जुगार खेळता येतो. तोटा असा की सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांनी हे नाटक स्वतः निवडलेलं नसतं. ऑफिसमधून थकून आलेला माणूस, शेवटची ट्रेन पकडायचीय, आणि समोर कोणीतरी तिसरी रांग झाडतंय. त्याचा राग मी समजू शकतो.

आता पुढचं बघा. २०१५ मध्ये हेच नाटक बॅरो स्ट्रीट थिएटरात परत आलं. तोच दिग्दर्शक, नाटक तसंच लांबलचक. यावेळी ते मे महिन्यापासून पुढच्या जानेवारीपर्यंत चाललं. दरम्यान पुलित्झर मिळालं होतं, त्याचा वाटा आहेच. पण मला वाटतं खरा फरक वेगळा होता. यावेळी आलेल्यांना ठाऊक होतं की आपण कशासाठी चाललोय. ते वाट बघून आले होते.

श्रोत्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. संथ नाटक बघायची तयारी घरून करून यावी लागते, आणि वाट बघणं हीच ती तयारी.

सहा वर्षांची वाट

'द अँटिपोड्स'नंतर तिचं पुढचं नवं नाटक, 'इन्फिनिट लाइफ', न्यूयॉर्कमध्ये आलं ते २०२३ मध्ये. मध्ये सहा वर्षं. मी तेव्हा कामासाठी न्यू जर्सीत होतो. तिच्या नाटकाची वाट बघणाऱ्यांची एक गंमत असते: ते कथेबद्दल फार विचारत नाहीत. दिग्दर्शक कोण (यावेळी जेम्स मॅकडोनाल्ड), थिएटर कोणतं (चेल्सीमधलं अटलांटिक), आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती वेळाचं? उत्तर आलं: साधारण पावणेदोन तास, मध्यंतर नाही. काही जण चक्क हिरमुसले!

उत्तर कॅलिफोर्नियातलं एक उपचार केंद्र. बाहेर आरामखुर्च्यांची रांग. बहुतेक बायका, जुनाट दुखण्यांनी पिडलेल्या, अनेक दिवसांचा उपास करतायत. पडून राहतात, झोपतात, पुस्तक वाचतात, एकमेकींची दुखणी ऐकतात. एक बाई तर आपल्या आजारांची न संपणारी यादीच सांगते. सोफी नावाची मुख्य पात्र मध्येच आपल्याकडे वळून सांगते की आता वीस मिनिटं झाली, आता आठ तास झाले. दिवे बदलतात आणि आपण पुढच्या दिवसात.

माझ्या शेजारी बसलेला मित्र तिसऱ्या 'एवढे तास झाले'ला कुजबुजला, "आपण काय बघतोय?" मलाही सांगता येईना. पण मला घरचं काहीतरी आठवत होतं.

माझ्या आईला कितीतरी वर्षं अर्धशिशीचा त्रास आहे. मी फोनवर विचारायचो, "डोकं कसंय? गोळी घेतलीस ना? डॉक्टरकडे जाऊन ये," आणि विषय संपवायचो. म्हणजे बग नोंदवला, उपाय सुचवला, तिकीट बंद. नाटकात त्या बायका एकमेकींना उपाय फारसे सांगत नाहीत. ऐकतात. आणि दुखणं असलेल्या माणसाचा वेळ कसा सरकतो, वीस मिनिटं किती लांब असतात, हे मला पावणेदोन तास एका जागी बसवल्याशिवाय कळलं नसतं. त्या रविवारी आईला फोन केला तेव्हा मी मधे बोललो नाही. ती थांबली की मीही थांबलो. तिने मला पहिल्यांदा सांगितलं की दुखणं सुरू होण्याआधी तिला उजेडाची भीती वाटायला लागते. इतक्या वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं.

नाटकाने आईचं डोकं थांबलं नाही, अर्थातच. पण ते तिकीट मला महाग पडलं असं मी म्हणणार नाही.

मग प्रत्येक संथ नाटक चांगलं?

अजिबात नाही. नुसतंच रटाळ असणारी नाटकं भरपूर आहेत. माझी एक साधी कसोटी आहे. मनातल्या मनात त्या शांतता कापून टाका. नाटक तसंच राहिलं तर ते रटाळ होतं. काहीतरी तुटलं तर ते संथ होतं. 'सर्कल मिरर'मध्ये नाट्यवर्गातली मंडळी जमिनीवर पडून एक खेळ खेळतात: कोणीही पुढचा आकडा म्हणायचा, दहापर्यंत पोचायचं, दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. कोण कधी बोलेल ठरलेलं नाही. यातली शांतता कापली तर खेळच उरत नाही. एकमेकांचा अंदाज घेणारी पाच माणसं, हेच तर ते नाटक.

आणि 'आपल्या प्रेक्षकाला हे झेपणार नाही' असं म्हणू नका. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त वडील गेल्यानंतरचे दिवस आहेत, घर हळूहळू ढासळतंय आणि अंगणात बंद ट्रॅक्टर पडून आहे. त्याची पूर्ण त्रिनाट्यधारा चंद्रकांत कुलकर्णी यांनी सलग सादर केली, आणि मराठी प्रेक्षक दिवसाचे कितीतरी तास देऊन ती बघायला बसले. झेपतं. कशासाठी बसायचं ते माहीत असायला हवं, एवढंच.

जायचं ठरवलंत तर

तिचं पुढचं नाटक येईल तेव्हा न्यूयॉर्क, लंडनमधल्या आपल्या श्रोत्यांसाठी तीन गोष्टी. एक, थिएटर छोटं असतं, घोषणा झाली की लगेच तिकीट काढा. दोन, सुरुवातीचे काही आठवडे 'प्रिव्ह्यू' असतात, म्हणजे अधिकृत शुभारंभाआधीचे प्रयोग, त्यात नाटकावर अजून काम चालू असतं. शेवटचा हात फिरलेलं नाटक हवं असेल तर थोडं थांबा. तीन, जेवून जा, घड्याळ बॅगेत टाका आणि नंतर लगेच कुठे पोचायचं ठेवू नका.

बाकीच्यांसाठी: संहिता छापील मिळतात. 'द एलियन्स'पासून सुरुवात करा. लहान आहे. फक्त एक पथ्य पाळा. जिथे 'सायलेन्स' लिहिलंय तिथे पान उलटू नका. पाच मोजा. मनात, सावकाश.

तुम्हाला एखाद्या नाटकात कंटाळा येता येता काहीतरी गवसलं असेल, किंवा तुम्ही मध्यंतरात उठून आला असाल आणि त्याचं अजून वाईट वाटत नसेल, तर जरूर लिहा. दोन्ही प्रकारच्या मेल वाचेन. भेटू पुढच्या भागात.