पाळणाघराची तपासणी

स्वच्छतेची तपासणी करावयास आलेल्या अधिकाऱ्यास जे दिसते ते लादी, भिंती आणि दप्तर. परंतु ज्या कारणांनी तान्ही मुले आजारी पडतात ती लादीवर डाग ठेवीत नाहीत आणि दप्तरातही सापडत नाहीत. पाळणाघर स्वच्छ राखण्याचे काम हे मुख्यतः या अदृश्य मलिनतेशी चाललेले काम असल्यामुळे त्याची खरी परीक्षा कशी घ्यावी हा प्रश्न सोपा नाही, आणि तो किती अवघड आहे हे पुण्यानजीकच्या एका कारखान्याच्या पाळणाघरात बसून, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधीपासून तेथील मावशींचे काम पाहिल्यावर मला नीट उमगले.

कारखान्याला पाळणाघर असावे ही गोष्ट आपल्याकडे सहजासहजी घडून आलेली नाही. गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया मूल निजून राहावे म्हणून त्याला अफू चाटवीत, याची दखल 1931 साली प्रसिद्ध झालेल्या मजूरविषयक शाही आयोगाच्या अहवालासही घ्यावी लागली होती. पुढे 1948 च्या कारखाने अधिनियमाने, जेथे 50 हून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तजवीज करणे मालकावर बंधनकारक केले, आणि 1976 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 30 वर आली. या अधिनियमाखाली जे नियम झाले त्यांत पाण्याचा विचार विशेष बारकाईने केलेला आढळतो: दर चार मुलांमागे हात-तोंड धुण्याचे एक पात्र, दर मुलामागे दररोज निदान पाच गॅलन, म्हणजे सुमारे 23 लिटर पाणी, न्हाणीघराच्या भिंती तीन फुटांपर्यंत गुळगुळीत व पाणी न शोषणाऱ्या, आणि प्रत्येक मुलासाठी स्वच्छ कपडे, साबण व टॉवेल. ज्याने हे कलमवार लिहिले त्याने पाळणाघरातली एखादी सकाळ तरी डोळ्यांनी पाहिलेली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ती सकाळ खिडक्या उघडण्यापासून सुरू होते. कोरडा झाडू फिरवला की धूळ उडून गाद्यांवरच पुन्हा बसते, म्हणून मावशी आधी चादरी गोळा करतात, गाद्यांची रेक्झिनची आवरणे साबणाच्या पाण्याने पुसून घेतात आणि मगच ओल्या फडक्याने केर ओढतात. पुसण्याचा त्यांचा क्रम ठरलेला: प्रथम दूध गरम करण्याचा ओटा, मग निजण्याची खोली, मग खेळण्याची, आणि अगदी शेवटी न्हाणीघर व संडास. ओट्याचे फडके पिवळे, लादीचे निळे आणि संडासाचे तांबडे. तांबडे फडके चुकून ओट्याजवळ दिसले, तर पाळणाघराच्या ताई एक शब्दही न बोलता ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकतात. मुलांनी तोंडात घातलेली खेळणी खणात परत न जाता एका वेगळ्या टबात जातात आणि धुऊन, वाळूनच पुन्हा मुलांच्या हाती येतात. लंगोट बदलला की मावशींचे हात धुणे आलेच, परंतु मुलाचेही हात धुतले जातात, कारण ते हात मध्यंतरी कोठे कोठे लागले हे कोणीच सांगू शकत नाही.

दहाच्या सुमारास एका दीड वर्षांच्या मुलाला खेळण्याच्या खोलीत उलटी झाली, आणि हे सारे शास्त्र एका जागी पाहावयास मिळाले.

“ताई, पोरांना तिकडं घ्या,” मावशी म्हणाल्या. हातमोजे चढवून त्यांनी जाड कागदाने उलटी टिपून घेतली, कागद पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधले आणि ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन काढली.

“औषध मोजून घेतलंत ना, मावशी?”

“घेतलं की. एक माप औषध, नऊ मापं पाणी.”

मावशींच्या बोलीतले हे औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाच टक्क्यांचे द्रावण. नित्याच्या पुसण्याला ते एकास 49 मापे पाणी घालून पातळ करतात, उलटी-जुलाबाच्या जागी एकास नऊ. हे पाणी जमिनीवर ओतून मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत दहा मिनिटे तशाच उभ्या राहिल्या. आधी साबणाने घाण काढली नाही तर औषधाचा जोर त्या घाणीतच खर्ची पडतो, आणि ओतल्या ओतल्या पुसून घेतले तर त्याला काम करावयास अवधीच मिळत नाही. हे द्रावण रोज ताजे करावे लागते, आणि संडासाच्या अॅसिडशी त्याची गाठ पडली तर घातक असा क्लोरीन वायू सुटतो, म्हणून त्या दोन बाटल्या येथे एका कपाटात कधीही ठेवीत नाहीत. या दहा मिनिटांचा पुरावा मात्र जमिनीवर उरत नाही. तास-दोन तासांनी आलेल्या माणसाला ती जागा इतर लादीसारखीच दिसणार.

तपासणीच्या रीतीतला दोष नेमका येथे आहे. आगाऊ कळवून तपासणी ठेवली की आदल्या संध्याकाळी फिनेलचा घमघमाट होतो, आणि महिनाभराच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत पुऱ्या होतात. अशाच एका दुसऱ्या पाळणाघरात खुंट्यांवर टांगलेल्या टॉवेलांच्या दुकानातल्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या, आणि तरीही शेरेबुकात “व्यवस्था समाधानकारक” असा शेरा पडलेला मी वाचला आहे. फिनेलच्या वासाने पाहुण्याचे समाधान होते. मुलाचे संरक्षण त्या वासावर अवलंबून नाही.

याच्या उलट, या पाळणाघरात न कळवता आलेल्या निरीक्षक बाईंनी प्रथम लादीकडे पाहिलेच नाही. त्या सरळ मागच्या अंगणात गेल्या, दोरीवरच्या फडक्यांना हात लावून ती ओली असल्याची खात्री केली, साबणाची वडी झिजलेली आहे की नुकतीच कागदातून काढलेली आहे ते पाहिले, आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेले नाही ना हे वाकून पाहिले, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. मग नोंदवही चाळताना, “आज दुपारी दोन तास नळाला पाणी नव्हते, मुलांचे हात साठवणीच्या पाण्याने धुतले,” या नोंदीवर त्यांनी बोट ठेवले. ताईंचा चेहरा उतरला. परंतु बाईंनी ती नोंद खरी लिहिल्याबद्दल पसंती दर्शवली आणि शेरा लिहिला तो व्यवस्थापनाच्या नावे: न्हाणीघरासाठी स्वतंत्र टाकी बसवावी व मावशींच्या हाताखाली आणखी एक मदतनीस द्यावी.

तपासणी म्हणावी ती अशी. जी वही कधीच कमतरता सांगत नाही ती संशयास्पद समजावी, आणि जिथे पाणी व माणसे अपुरी आहेत तिथल्या मलिनतेचा दोष फडके हाती धरणाऱ्या बाईच्या माथी मारू नये. आपले मूल पाळणाघरात ठेवणाऱ्या आईबापांनीही चित्रे रंगवलेल्या भिंतींवर भाळून न जाता, फडकी कोठे वाळत घालता आणि पाणी गेले म्हणजे काय करता, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.