ढिगारा तसाच ठेवणारा वास्तुकार

मध्य व्हिएतनाममधलं होई आन हे कंदिलांचं गाव आता मराठी पर्यटकांच्याही ओळखीचं झालं आहे. तिथल्या जुन्या पेठेत एका दाढीवाल्या युरोपीय माणसाचं स्मारक आहे. हा कोणी फ्रेंच अधिकारी नव्हे. तो पोलंडचा वास्तुकार काझिमिएझ क्वियातकोव्स्की. व्हिएतनामी लोक त्याला नुसतं ‘काझिक’ म्हणतात.

1944 साली जन्मलेला काझिक पोलंडच्या लुब्लिन शहरातून आला. जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्या सरकारी संस्थेत तो काम करायचा. दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालेलं वॉर्सा पोलंडने पुन्हा उभं केलं होतं आणि त्या कामात तयार झालेले तज्ज्ञ जगभर जात होते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला काझिक व्हिएतनामला पोहोचला, तो मी सनच्या जंगलात.

मी सन म्हणजे चाम राजांचं शैव तीर्थ. चौथ्या शतकात राजा भद्रवर्म्याने इथे भद्रेश्वराची स्थापना केली. पुढे कित्येक शतकं देवळं उठत राहिली, संस्कृत शिलालेख कोरले गेले. बांधकाम विटांचं, पण दोन विटांमधली सांध दिसतही नाही. दगडावर दगड बसवलेली हेमाडपंती देवळं पाहिलेल्या माणसाला ही करामत चटकन कळेल. फ्रेंच अभ्यासकांनी इथे सत्तरच्या आसपास वास्तू नोंदवल्या होत्या. व्हिएतनाम युद्धात, ऑगस्ट 1969मध्ये अमेरिकी विमानांनी इथे बॉम्ब टाकले. सुमारे 24 मीटर उंचीचं, चाम शिल्पकलेचं शिखर मानलं जाणारं ‘ए-1’ मंदिर कोसळलं.

युद्ध संपलं तरी जमिनीत सुरुंग होतेच. ते काढताना माणसं दगावली. वर झाडोरा, पाऊस, पैशांची चणचण. अशा ठिकाणी काझिक आणि त्याचे पोलिश-व्हिएतनामी सहकारी सुमारे दहा वर्षं राबले. मुख्यतः देवळांच्या बी, सी आणि डी या गटांमधल्या भिंती त्यांनी सावरल्या, विखुरलेले तुकडे गोळा करून त्यांच्या जागी बसवले.

‘ए-1’ मात्र त्यांनी पुन्हा उभं केलं नाही. फ्रेंचांनी काढलेली रेखाटनं हाताशी होती, आणि काझिक तर वॉर्सा नव्याने उभं करणाऱ्या देशातला. तरीही अंदाजाने बांधलेलं देऊळ हे मूळ देऊळ नसतं, ही त्याची भूमिका. जे उभं आहे ते पडू द्यायचं नाही. जे पडलं त्याचं सोंग आणायचं नाही. भपकेबाज जीर्णोद्धाराची हौस असलेल्या आपल्याकडे हा संयम दुर्मीळच म्हणायचा.

त्याचं सगळंच काम निर्दोष होतं असं नाही. काही ठिकाणी वापरलेलं सिमेंट आणि नव्या विटा जुन्या विटांशी नीट जुळल्या नाहीत, असं नंतरच्या तज्ज्ञांना आढळलं. पुढे इटालियन पथकाने स्थानिक झाडाच्या डिंकाचा उपयोग केला. त्यानंतर आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिथे गेलं. त्यांच्या कामात 2020 साली एक अखंड वालुकाश्मातलं, नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं, तेव्हा भारतीय वर्तमानपत्रांतही मी सनचं नाव झळकलं. काझिकचं नाही.

होई आनमध्ये त्याने वेगळी लढाई लढली. नदी गाळाने भरली, व्यापार दा नांगकडे गेला आणि हे जुनं बंदर मागे पडलं. गरिबीमुळेच तिथली लाकडी घरं टिकली होती. एकेका देवळाला किंवा पुलाला नव्हे, तर अख्ख्या पेठेलाच मोल आहे, हे तो अधिकाऱ्यांना पटवत राहिला.

मार्च 1997मध्ये हुए इथल्या राजवाड्याच्या परिसरात काम सुरू असताना त्याचं हुएमध्येच निधन झालं. दोन वर्षांनी, 1999मध्ये, मी सन आणि होई आन ही दोन्ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकाच वर्षी दाखल झाली.

दा नांगच्या सहलीला जाणार असाल, तर मी सनसाठी अर्धा दिवस राखून ठेवा, आणि ‘ए-1’चे अवशेष कुठे आहेत ते वाटाड्याला आवर्जून विचारा.