डावा हात राखून ठेवा

गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन झाला. दिनानिमित्त पुन्हा डायलिसिसच्या यंत्रांचीच चर्चा झाली. २०१६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही हा उपचार बसतो. फार चांगलं झालं. पण यंत्राला मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त लागतं. ते काढायला अंगावर जागा हवी, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

ती जागा म्हणजे फिस्टुला. मनगटाजवळ किंवा कोपरात धमनी शिरेला जोडतात. धमनीचा जोर आला की शीर फुगते, जाड होते आणि जाड सुया सोसू लागते. त्याला दीड-दोन महिने लागतात. न्यूयॉर्कमध्ये डॉ. केनेथ अ‍ॅपेल यांनी १९६५ साली ही जोडणी केली. आजही याहून भरवशाचं काही नाही.

आपल्याकडे माणूस दवाखान्यात येतो तो अंगावर सूज आणि धाप घेऊन. दोन महिने थांबणार कोण? मग मानेत नळी. त्या रात्री तीच जीव वाचवते. पण हृदयाजवळच्या शिरेपर्यंत जंतूंना वाटही तीच देते. डायलिसिस सुरू असताना हुडहुडी भरून ताप आला, तर आधी नळीवरच संशय घ्यावा. नळी महिनोन्महिने राहिली की आतली मोठी शीर आक्रसते. पुढे त्या बाजूला फिस्टुला केला, तर हातच सुजतो.

मला खरा राग आहे तो सलाईनचा. ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ म्हणायचं आणि डावा हात पुढे करायचा, कारण उजवा कामाचा. सुयांनी त्या हाताच्या शिरा खराब होतात, आणि फिस्टुल्यालाही शक्यतो तोच डावा हात लागतो! रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड थकत चाललेल्या माणसाला सुई टोचायचीच असेल, तर पंज्याच्या पाठीवर टोचा, एवढं नातेवाइकांनी ठणकावून सांगावं.

फिस्टुल्याच्या हाताने मोळी उचलायची नाही, त्यावर घट्ट दोरा-गंडा बांधायचा नाही, रक्तदाबाचा पट्टाही नाही. रोज सकाळी त्यावर अंगठा ठेवायचा. लांबून जातं ऐकू यावं तशी बारीक घरघर हाताला लागते. ती थांबली, तर आत गुठळी झाली असं समजून तासाभरात निघायचं. डायलिसिसचा वार बुधवार आहे म्हणून सोमवारी घरी थांबायचं नाही.