तंबूचा कणा : ॲल्युमिनियम की कार्बन फायबर?

धार आणि देवास या दोन्ही संस्थानांचा पाया तंबूत घातला गेला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार सरदार मराठी फौजांबरोबर नर्मदा ओलांडून माळव्यात आले, तेव्हा वाडे आणि राजवाडे अजून दूर होते. डेरे, राहुट्या आणि पाले हीच त्यांची घरे होती. लाकडी खांब, बांबू, मेखा आणि तणावे यांचा सारा भार उंट, बैल आणि हत्ती वाहत असत. आज आपल्यातील जी मंडळी सुटीत सातपुड्यात, सह्याद्रीत किंवा हिमालयात पदभ्रमणास जातात, त्यांच्या दिमतीला उंट नसतो. आपले घर आपल्याच पाठीवर घेऊन त्यांना चालावे लागते. पन्नाशी ओलांडलेले गुडघे आणि मणके तर पाठीवरच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब मागतात. साहजिकच वजनाने हलका तंबू निवडताना एक प्रश्न हमखास पुढे येतो. त्याचे पोल ॲल्युमिनियमचे असावेत की कार्बन फायबरचे?

वरकरणी हा प्रश्न हौशी खरेदीचा वाटेल. परंतु उंच पर्वतावर मध्यरात्री वादळ सुटावे, गारांसह पाऊस कोसळावा आणि अशा वेळी पोल मोडून ओले कापड निजलेल्या माणसांवर यावे, हा प्रसंग डोळ्यांसमोर आणला की त्याचे गांभीर्य ध्यानात येते. ओले कपडे, वारा आणि थंडी ही त्रयी एकत्र आली की तापमान शून्याच्या वर असतानाही शरीराची उष्णता धोकादायक रीतीने घटते, हे आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना वेगळे सांगायला नको. त्या रात्री तंबूचा पोल ही चैनीची वस्तू राहत नाही.

दोन पदार्थ, दोन स्वभाव

शुद्ध ॲल्युमिनियम हा मऊ धातू आहे. त्यात अल्प प्रमाणात तांबे व मॅग्नेशियम मिसळून तापवले, झटकन थंड केले आणि काही काळ तसेच ठेवले, तर ते आपोआप कठीण होत जाते, हा शोध 1906 साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना लागला. पुढे जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या मिश्रणातून विमानांसाठी अधिक बळकट मिश्रधातू निर्माण झाले. उत्तम तंबूंचे पोल आज याच कुळातील मिश्रधातूंचे असतात.

कार्बन फायबरचा औद्योगिक वापर त्या मानाने अलीकडचा, म्हणजे 1960 च्या दशकानंतरचा. यातील एकेक तंतू साधारण 5 ते 7 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे जवळजवळ आपल्या तांबड्या रक्तपेशीच्या व्यासाइतका असतो. असे सहस्रावधी तंतू इपॉक्सी राळेत बसवून नळी तयार करतात. क्ष-किरण तपासणीच्या टेबलाचा पृष्ठभाग आणि धावपटूंचे कृत्रिम पाय यांमुळे हा पदार्थ आपल्या व्यवसायाला परिचित आहेच.

आता वजनाचे गणित पाहू. एक घनसेंटिमीटर ॲल्युमिनियम मिश्रधातू सुमारे 2.8 ग्रॅम भरतो, तर तेवढाच कार्बन फायबर सुमारे 1.6 ग्रॅम. म्हणजे एकाच आकाराची नळी कार्बनची केल्यास तिचे वजन साधारण 40 टक्क्यांनी घटते. दोन माणसांच्या हलक्या तंबूचे ॲल्युमिनियमचे पोल अर्धा किलोच्या आतबाहेर धरले, तर बचत होते सुमारे 200 ग्रॅमची. पेलाभर पाण्याचे वजन तेवढेच असते. या पेलाभर पाण्यासाठी आपण काय गमावतो, हा खरा प्रश्न आहे.

मोडण्याची रीत

अस्थिरोगतज्ज्ञ जाणतात की लहान मुलाचे हाड ओल्या फांदीसारखे वाकते आणि अर्धवट तडकते, तर वृद्धाचे ठिसूळ हाड एका आघातात दुभंगते. ॲल्युमिनियमची जात पहिली. मर्यादेपलीकडे ताण आला की पोल बहुधा आधी वाकतो. त्याचे रूप बिघडते, पण तंबू कसाबसा उभा राहतो. वाकणे हे त्याचे लक्षण असते आणि लक्षण दिसले की उपचाराला अवधी मिळतो. कार्बनची नळी मर्यादेपर्यंत ताठ असते, आणि मर्यादा ओलांडताच पूर्वसूचना न देता फुटते. फुटलेल्या टोकाची कुसळे हातात शिरतात, आणि साध्या क्ष-किरण चित्रात ती सहसा दिसत नाहीत.

शिवाय कार्बनचे बळ तंतूंच्या दिशेने असते. आडवा घाव, दगडावर आपटणे किंवा बुटाखाली येणे त्याला सोसत नाही. वरून न दिसणारी चीर आत राहते आणि पुढच्या वादळात प्रकट होते. येथे आपल्या धारच्या लोहस्तंभाची आठवण होते. लाट मशिदीजवळ ठेवलेले त्याचे तुकडे एकत्र जोडले तर लांबी 13 मीटरच्या घरात जाते; दिल्लीचा प्रसिद्ध स्तंभ 7 मीटरच्या आसपास आहे. गुजरातच्या बहादुरशहाला हा स्तंभ आपल्याकडे न्यायचा होता आणि खाली उतरवताना तो पडून मोडला, असे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. पदार्थ निराळा, पण धडा तोच : उभ्याने भार पेलणाऱ्या वस्तूला आडवा आघात पेलवेलच असे नाही.

दुरुस्तीची सोय

1960 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ घडवला. त्याबरोबरचा पाय सुरुवातीच्या काळात ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा असे, कारण तो स्थानिक कारागिराला ठोकून घडवता येई आणि बिघडला तर दुरुस्तही करता येई. पदभ्रमणात आपल्यालाही हाच विचार उपयोगी पडतो. वाकलेल्या ॲल्युमिनियमच्या पोलवर थोड्या मोठ्या व्यासाची वीतभर नळी सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की तो काम देतो. मोडलेल्या हाताला फळी बांधावी तसाच हा उपचार. फुटलेल्या कार्बनलाही नळी चढवता येते. मात्र चिरफाळलेली टोके आधी पट्टीने घट्ट बांधावी लागतात, आणि गारठलेल्या बोटांनी अंधारात ते सोपे नसते.

निवड कशी करावी?

ज्यांचा मुक्काम जानापावसारख्या जवळच्या टेकडीवर किंवा सातपुड्यात कोरड्या ऋतूत एखाद-दुसऱ्या रात्रीचा असतो, त्यांना दोन्ही चालतील. पण तेथे कार्बनची अधिक किंमत मोजण्याचे कारणही दिसत नाही. पावसाळी सह्याद्री, हिमालय आणि मुले किंवा नवखी मंडळी बरोबर असलेला तंबू यांसाठी निःशंकपणे ॲल्युमिनियम घ्यावे. अनेक दिवस स्वतःचे ओझे वाहणाऱ्या, हात बसलेल्या आणि दुरुस्तीची नळी जवळ बाळगणाऱ्या अनुभवी पदयात्रिकाने कार्बनचा विचार जरूर करावा. चालण्याच्या काठ्यांवरच उभे राहणारे तंबूही मिळतात. त्यांत काठी कमानीसारखी वाकत नाही, सरळ उभी राहून दाब घेते. तेथे कार्बन चांगले काम करतो. बाजारात स्वस्त तंबूंबरोबर फायबरग्लासचे पोलही येतात. ते जड असतात आणि त्यांचीही कुसळे निघतात. दूरच्या मोहिमेवर ते नकोत.

पोल कोणताही असो, काही पथ्ये सारखीच आहेत. प्रत्येक तुकडा पुढच्या नळीत पूर्ण बसल्याशिवाय पोल वाकवू नये. अर्धवट बसलेला सांधाच बहुधा प्रथम फुटतो. आतल्या लवचिक दोरीच्या जोरावर तुकडे एकमेकांवर आपटू देऊ नयेत. घडी घालताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करावी. सगळे तणावे बांधावेत, कारण तणाव्यांविना उभ्या तंबूत वाऱ्याचा सारा भार पोलवर येतो. कार्बनच्या पोलला ॲल्युमिनियमचे जोड असतील तर ते ओले ठेवू नयेत. भिन्न धातूंची प्लेट आणि स्क्रू शरीरात गंजतात, तशीच झीज येथेही होते. वीज चमकत असेल तर कोणत्याही पोलच्या भरवशावर उघड्या माथ्यावर थांबू नये. दोन्ही पदार्थ विद्युत्वाहक आहेत.

वजन कमी करण्याचे अन्य मार्गही आहेतच. पाठपिशवी उघडून पाहिली तर न वापरलेले कपडे, जास्तीचे डबे आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या वस्तू यांतच किलोभर भार सापडतो. तो आधी उतरवावा. रुग्णासाठी आपण औषध निवडतो, तेव्हा त्याचा गुण पाहतो आणि ते बाधले तर काय होईल, हेही पाहतो. तंबूचा पोल निवडतानाही तोच विवेक ठेवावा. तो किती हलका आहे हे दुकानातल्या काट्यावर कळते. तो कसा मोडतो आणि मोडल्यावर आपल्या हाती काय उरते, याचा विचार मात्र घरून निघण्यापूर्वीच करावयास हवा.